जुनी अमेरिकी चांदीची नाणी: पहिलं नाणं घेण्याआधी हे वाचा

कोल्हापूरच्या गुजरीत माझ्या आजोबांचं चांदीचं छोटं दुकान होतं. दिवाळी आठवड्यावर आली की घरातली सगळी चांदी परातीत निघायची. आधी चिंचेचा कोळ, मग रांगोळीची वस्त्रगाळ पूड, शेवटी जुन्या धोतराचा मऊ तुकडा. लक्ष्मीपूजनाच्या ताटातले राणीछाप रुपयेसुद्धा यातून सुटत नसत. चांदी लख्खच हवी, हे माझ्या मनात तिथे पक्कं बसलं.

पुढे न्यू जर्सीत राहायला आल्यावर जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काचेखाली तीन अर्धे डॉलर दिसले. दोन करडे, राखेच्या रंगाचे. तिसरा १८२७ सालचा, पांढराशुभ्र. तिन्हींची किंमत सारखीच, १९० डॉलर. मी पांढरा उचलला. काही महिन्यांनी तो ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याची श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेकडे, पाठवला, तर परत येताना वर चिठ्ठी होती: ‘एक्सएफ डिटेल्स, क्लीन्ड’. म्हणजे नाणं फार झिजलेलं नाही, पण कोणीतरी ते घासलंय, म्हणून पूर्ण श्रेणी मिळणार नाही. नंतर दोघा व्यापाऱ्यांना दाखवलं. नव्वद डॉलरच्या वर कोणी गेलं नाही.

अशा अर्ध्या डॉलरमध्ये शुद्ध चांदी असते जेमतेम बारा ग्रॅम. बाकीचे पैसे आपण देतो ते त्या बारा ग्रॅमवर दोनशे वर्षांत आपसूक चढलेल्या रंगाचे आणि कोणी हात न लावलेल्या पृष्ठभागाचे. ही एक गोष्ट मला उशिरा कळली. तुम्हाला ती पहिल्या नाण्याआधी कळावी म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. ‘जुनी’ म्हणजे नेमकी कोणती, हे आधी ठरवा

अमेरिकेचा टांकसाळ कायदा २ एप्रिल १७९२ चा. त्याच वर्षी जुलैत सुमारे १५०० हाफ डिस्म (पाच सेंटची नाणी) पाडले गेले, पण चांदीचं नियमित काम सुरू व्हायला १७९४ उजाडलं. कारण साधं होतं. मुख्य नाणेकार आणि कस लावणारा अधिकारी, दोघांनीही प्रत्येकी १०,००० डॉलरचा जामीन द्यायचा होता आणि तेवढी ऐपत दोघांचीही नव्हती. काँग्रेसने १७९४ मध्ये ती रक्कम कमी केली, तेव्हा कुठे फिलाडेल्फियात चांदी प्रेसखाली आली.

संग्राहक ढोबळमानाने १७९४ ते १८३९ एवढा काळ धरतात. त्यातले मुख्य प्रकार असे:

- फ्लोइंग हेअर (१७९४-९५): मोकळ्या केसांची लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी. फक्त हाफ डाइम (पाच सेंट), अर्धा डॉलर आणि डॉलर.
- ड्रेप्ड बस्ट (१७९५ ते १८०७ च्या आसपास): खांद्यावर वस्त्र, केसांत फीत. काट्याच्या बाजूला आधी लहान गरुड, नंतर ढाल लावलेला मोठा गरुड.
- कॅप्ड बस्ट (१८०७ पासून पुढे, नाण्यानुसार १८३७ ते १८३९ पर्यंत): डोक्यावर टोपी, टोपीच्या पट्टीवर ‘लिबर्टी’ ही अक्षरं.

१८३६-३७ पासून बसलेली लिबर्टी सुरू होते. तो वेगळा आणि खूप मोठा संसार आहे, इथे त्यात शिरत नाही. मॅसॅच्युसेट्सची १६५२ साल कोरलेली पाइन ट्री शिलिंगंही बाजूला ठेवते. ती वसाहतकाळातली, आणि नवख्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

२. सुरुवात कॅप्ड बस्ट अर्ध्या डॉलरने करा

नवीन माणूस बहुधा डॉलरकडे धावतो, कारण ते सगळ्यांत मोठं आणि देखणं. पण १७९४ चे डॉलर एकूण १७५८ टांकसाळीतून बाहेर पडले, आणि त्यातला एक २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर विकला गेला. १७९६ चा पाव डॉलर पाडला गेला ६१४६. १७९६-९७ चे अर्धे डॉलर, दोन्ही वर्षं मिळून ३९१८. पहिल्या वर्षी या नावांचा नाद धरलात तर पैसेही जातील आणि शिकणंही होणार नाही, कारण शिकायला हातात नाणीच येणार नाहीत.

१८०७ ते १८३६ चा कडेवर अक्षरं असलेला अर्धा डॉलर मात्र वेगळा. १८०४ नंतर टांकसाळीने डॉलर पाडणं थांबवलं होतं, कारण ते देशात फिरण्याऐवजी जहाजांत बसून बाहेर जात. मग तीस वर्षं अर्धा डॉलर हेच सगळ्यांत मोठं चांदीचं नाणं राहिलं. बँका आपापसांत हिशेब मिटवायला त्याच्या थैल्या इकडून तिकडे पाठवत. बाजारात हातोहात फिरला नाही म्हणून तो फार झिजला नाही. एकट्या १८२६ साली ४० लाखांवर, १८३४ साली ६४ लाखांवर नाणी पाडली गेली. आजही मध्यम झिजलेलं, प्रामाणिक नाणं मला सव्वाशे ते दोनशे डॉलरमध्ये मिळतं. दोनशे वर्षांपूर्वी हाताने फिरवायच्या प्रेसवर पाडलेली वस्तू या किमतीत तळहातावर घेता येते, याचं मला आजही नवल वाटतं.

१८२५ ते १८३५ मधलं कोणतंही साधं साल निवडा. दुर्मीळ साल दुसऱ्या वर्षी.

३. साहित्य आधी, नाणं नंतर

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर प्रत्येक नाणं खरवडलेलं वाटायला लागतं.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा.
- मिलिमीटरमधला कॅलिपर, शक्यतो प्लॅस्टिकचा. धातूचा असेल तर नाण्याला हलक्या हाताने लावा.
- वाकवता येणारा टेबललॅम्प, पिवळ्या उजेडाचा एकच बल्ब. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात घासल्याच्या रेषा लपतात.
- मऊ कापडाचा जाड तुकडा टेबलावर अंथरायला. नाणं हातून सुटतंच कधीतरी.
- लहान मजबूत चुंबक.
- अर्ध्या डॉलरच्या ठशांवरचं एक संदर्भपुस्तक आणि चालू वर्षाची किंमतपुस्तिका.

नाणं कायम कडेला धरायचं, दोन बोटांत. छाप्यावर अंगठा टेकला की त्याची खूण काही वर्षांनी काळी होऊन वर येते.

आपल्याकडे नाणं खणखणीत वाजवून घ्यायची पद्धत. आजोबा फरशीवर रुपया टाकून नुसत्या नादावरून सांगायचे. इथे ते करू नका. कडेला पडलेला खड्डा म्हणजे किंमत गेली, आणि दुकानदार त्याच क्षणी तुमच्या हातून नाणं काढून घेईल.

४. वजन आणि कड

१७९२ च्या कायद्याने चांदीचा कस ठरवला ०.८९२४. आपले सराफ याला ८९ टंच म्हणतील. उरलेलं तांब्याचं हीण. नव्या करकरीत नाण्याची वजनं:

- डॉलर: २६.९६ ग्रॅम
- अर्धा डॉलर: १३.४८ ग्रॅम
- पाव डॉलर: ६.७४ ग्रॅम
- डाइम (दहा सेंट): २.७० ग्रॅम
- हाफ डाइम: १.३५ ग्रॅम

१८३७ च्या कायद्याने कस ०.९०० केला आणि अर्धा डॉलर १३.३६ ग्रॅमचा झाला. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच. पण डोळ्यांना नवं दिसणारा अर्धा डॉलर काट्यावर १२.६ दाखवत असेल, तर काहीतरी गडबड आहे. जास्त भरत असेल तर शंका आणखी गडद करा.

कड हा माझ्या मते नाण्याचा सगळ्यांत बोलका भाग, आणि नवखे लोक तो पाहतच नाहीत. १८०७ ते १८३६ च्या अर्ध्या डॉलरच्या कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ असं फिरत गेलेलं असतं. जुन्या डॉलरच्या कडेवर ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’. सुरुवातीच्या फ्लोइंग हेअर अर्ध्या डॉलरवर तर किंमत दुसरीकडे कुठे लिहिलेलीच नाही, जी आहे ती कडेवर. १८०९ च्या आधीच्या डाइमवर ती कुठेच नाही. ही अक्षरं नाणं पाडण्याआधी उमटवत. चांदीची कोरी चकती दोन पट्ट्यांच्या मधून दाबून गोल फिरवायची, एकेका पट्टीवर अर्धी अक्षरं. चकती मध्ये घसरली की दोन शब्द एकावर एक चढत किंवा एखादं अक्षर दोनदा उमटे. म्हणून कडेवरचा थोडा गोंधळ चांगली खूण समजा. मी पहिल्यांदा भिंगातून पाहिलं तेव्हा ‘हाफ’ या शब्दाचं शेवटचं अक्षर पुढच्या ‘अ’वर चढलेलं होतं. कामगाराचा हात कुठे सैल पडला, ती जागा जशीच्या तशी समोर होती.

नवी बनावट नाणी इथेच उघडी पडतात. कड गुळगुळीत, किंवा उभ्या दात्यांची, किंवा अक्षरं यंत्रासारखी एकसारख्या अंतरावर. दात्यांची कड खऱ्या अर्ध्या डॉलरला आली ती १८३६ च्या अखेरीस, वाफेचं प्रेस आल्यावर. त्या वर्षी तसे फक्त १२०० च्या आसपास पाडले गेले.

५. धुतलेलं नाणं ओळखा

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

लॅम्प टेबलाच्या एका बाजूला, खाली. नाणं दोन बोटांत, डोळ्यापासून वीतभर. आता ते सावकाश कलतं करा, मग गोल फिरवा. न घासलेल्या, कमी झिजलेल्या नाण्यावर उजेड मधून कडेकडे धावणाऱ्या आऱ्यांसारखा फिरतो. चांदीचं खरं पाणी ते हे. प्रेसच्या दाबाने धातू बाहेरच्या दिशेने वाहिला, त्या सूक्ष्म रेघांवरून ते येतं. घासलेल्या नाण्यावर उजेड फिरत नाही, एका जागी भडक पांढरा थांबतो, आणि कलतं करताना एका विशिष्ट कोनात केसासारख्या बारीक समांतर रेषांचं जाळं चमकून जातं. तो कोन अर्ध्या सेकंदाचा असतो. घाई केलीत तर तो हुकेल.

आणखी खुणा:

- उंच भाग आणि सपाट भाग दोन्ही सारखेच पांढरे. नैसर्गिक नाण्यात उंच भाग फिका आणि अक्षरांच्या, ताऱ्यांच्या कडांशी काळपट असतो.
- अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत मात्र जुनी काजळी. ब्रश तिथे पोचला नाही.
- साबणात धुतल्यासारखा निर्जीव पांढरेपणा. हा ॲसिडच्या द्रावात बुडवल्याचा. यात रेषा नसतात, म्हणून जास्त फसवतो.
- निळे-जांभळे भडक रंग, आणि तेही रेषांवरून सलग गेलेले. म्हणजे आधी घासलं आणि मग रंग चढवला.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. १७९० च्या दशकातल्या नाण्यांवर, विशेषतः डॉलर आणि अर्ध्या डॉलरवर, कधीकधी खोल समांतर ओरखडे दिसतात. हे टांकसाळीतलेच. चकती वजनाला जास्त भरली की नाणं पाडण्याआधी कानशीने घासून ती बेतात आणत. असे ओरखडे तारे आणि अक्षरं यांच्या खालून गेल्यासारखे, अर्धवट दाबले गेलेले दिसतात. नंतर पडलेला ओरखडा सगळ्यांच्या वरून जातो.

घरी आणलेल्या नाण्याला काहीही करायचं नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, सोडा, चांदीची पावडर, काहीही नाही. एखादी आत्या भेटायला आली आणि ‘अगं, किती काळं पडलंय’ म्हणत पदराने पुसायला लागली, तर नाणं आधी हातातून घ्या. माझ्याकडे हे घडलं आहे आणि त्या नाण्याच्या गालावर अजून ती खूण आहे.

भोक पाडून गळ्यात घातलेली नाणी इथेही सापडतात. आपल्याकडे माळेतल्या सोन्याच्या पुतळ्यांना आणि रुपयांना कड्या लावल्या जात, तसंच. पुढे कोणीतरी ते भोक चांदीने बुजवतं. बहुधा वरच्या बाजूला, बाराच्या काट्याशी, रंगाचं एक फिकट वर्तुळ आणि त्यात हाताने कोरलेला तारा दिसतो. किंमत कमी असेल आणि विकणारा सांगून देत असेल तर घ्यायला हरकत नाही. १७९५ चं नाणं माझ्याकडे आहे ते असंच, बुजवलेल्या भोकाचं, आणि माझ्या खिशाला परवडेल असं ते एकच होतं.

६. झीज आणि कच्चा ठसा यांत फरक करा

अर्ध्या डॉलरवर पहिली झीज दिसते ती कानावरच्या केसांवर, खांद्यावरच्या पिनेवर, छातीवरच्या वस्त्रावर आणि गरुडाच्या पंखांच्या वरच्या कडांवर. टोपीवरची ‘लिबर्टी’ पूर्ण वाचता येत नसेल तर नाणं ‘फाइन’ या श्रेणीच्या खाली धरा.

पण गरुडाच्या डोक्यावरची फितीतली अक्षरं पुसट असली म्हणून लगेच नाणं खाली टाकू नका. त्या फितीच्या बरोबर मागे छाप्यावर लिबर्टीची मान आणि खांद्याकडचा उंच भाग येतो. दाब अपुरा पडला की धातू एकीकडे भरतो, दुसरीकडे कमी पडतो. ताऱ्यांच्या मधल्या रेघाही अशाच कोऱ्या राहतात. फरक पोतात कळतो. कच्च्या ठशाच्या जागी कोऱ्या चकतीचा खरखरीतपणा आणि पाणी टिकून असतं, झिजलेली जागा गुळगुळीत आणि करडी.

१७९४ च्या डॉलरच्या डाव्या बाजूचे तारे जवळजवळ सगळ्याच नाण्यांवर अस्पष्ट आहेत. तेव्हाचं प्रेस एवढ्या मोठ्या चकतीला पुरं पडत नव्हतं.

७. बनावट आणि अशक्य सालं

काही सालं पाठ करा, कारण ती नाणी अस्तित्वातच नाहीत. जानेवारी १८१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला आग लागली. त्या सालाचा अर्धा डॉलर कधी पाडला गेला नाही. १८०५ ते १८३५ या सालांचे चांदीचे डॉलर पाडले गेले नाहीत. असं नाणं समोर आलं तर भिंग काढायचीही गरज नाही.

मग १८०४ चा डॉलर. त्या सालाचं कोरीव काम असलेले पहिले डॉलर खरं तर १८३४-३५ मध्ये, परदेशी राजांना भेट द्यायच्या संचांसाठी तयार झाले. एडमंड रॉबर्ट्स हा अमेरिकी दूत ते घेऊन ‘पीकॉक’ जहाजातून निघाला. एक संच मस्कतच्या सुलतानाला दिला, दुसरा १८३६ मध्ये सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाला. मस्कतला पोचण्याआधीच जहाज ओमानच्या मसिरा बेटापाशी खडकावर चढलं होतं, म्हणून मस्कतनंतर दुरुस्तीसाठी ते मुंबईत आलं. म्हणजे सयामला जाणारा तो १८०४ चा डॉलर काही आठवडे मुंबईच्या गोदीत होता. सुलतानाच्या संचातला समजला जाणारा डॉलर २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला गेला. थोडक्यात, कोणी ‘आजोबांच्या पेटीत सापडला’ म्हणून १८०४ चा डॉलर पुढे केला, तर नम्रपणे परत करा. याच्या प्रतिकृती पर्यटकांच्या दुकानांत पेट्यांनी विकल्या गेल्या आहेत.

१९७३ च्या अमेरिकी कायद्यानुसार नव्या प्रतिकृतीवर ‘कॉपी’ हा शब्द असावा लागतो. फसवणारे तो घालत नाहीत, किंवा खरवडून काढतात, तेव्हा तेवढ्या जागेचा खळगाही शोधा. चुंबकाला चिकटलं तर प्रश्न मिटला. न चिकटणं मात्र पुरावा नव्हे, तांबं आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. अस्सल धातूची घनता १०.३ च्या आसपास येते, आणि ती दोऱ्याने बांधून पाण्यात तोलून घरीही काढता येते.

८. कुठे घ्यायचं, किती द्यायचे

पहिली पाच नाणी पीसीजीएस किंवा एनजीसी यांच्या बंद डबीतली, म्हणजे स्लॅबमधली घ्या. या दोन्ही संस्था १९८६-८७ पासून नाणी तपासून १ ते ७० अशी श्रेणी देतात. स्लॅबसुद्धा बनावट निघतात. चिठ्ठीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाका, आणि क्रमांक खरा निघाला एवढ्यावर थांबू नका. तिथला फोटो आणि हातातलं नाणं, डाग नि डाग जुळवून पाहा.

चिठ्ठीवर ‘डिटेल्स’ हा शब्द आहे का, हे श्रेणीच्या आधी वाचा. ‘क्लीन्ड’ (घासलेलं), ‘टूल्ड’ (हत्याराने कोरलेलं), ‘प्लग्ड’ (भोक बुजवलेलं), ‘ग्राफिटी’ (वर अक्षरं खरवडलेलं) हे शब्द लहान अक्षरांत असतात.

किमतीसाठी मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी चाळा. त्या मोफत पाहता येतात. छापील पुस्तिकेतला आकडा ही दुकानदाराची अपेक्षा असते, लिलावाचा आकडा हे प्रत्यक्ष दिलेले पैसे. लिलावात बोली लावताना खरेदीदाराचं कमिशन विसरू नका. ते बहुधा वीस टक्क्यांच्या आसपास असतं. शंभराची बोली म्हणजे खिशातून एकशेवीस, वर टपाल, आणि राज्यानुसार विक्रीकर.

माझी खरी शाळा म्हणजे नाण्यांची प्रदर्शनं. शनिवारी सकाळी गर्दी असते. शेवटच्या दिवशी दुपारी जा, व्यापाऱ्यांना बोलायला वेळ असतो. सरळ सांगा की मी शिकते आहे, बस्ट हाफ पाहायचे आहेत. एका वृद्ध व्यापाऱ्याने मला वीस नाण्यांचा ट्रे दिला आणि म्हणाला, यातली घासलेली वेगळी काढ. मी सहा काढली. होती अकरा. राहिलेली पाच त्याने एकेक करून लॅम्पखाली फिरवून दाखवली आणि मला काही विकलं नाही. पुढची चार वर्षं मी बहुतेक खरेदी त्याच्याकडेच केली.

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन ही नाणेसंग्राहकांची संस्था १८९१ पासून आहे. तिचं सभासदत्व घ्या, ग्रंथालय टपालाने पुस्तकं देतं. फक्त जुन्या चांदीसाठी जॉन राइक कलेक्टर्स सोसायटी आहे. राइक हा जर्मनीहून आलेला कारागीर, कॅप्ड बस्टचा ठसा त्याचा. त्याच्या नाण्यांवर तेराव्या ताऱ्याच्या एका टोकाला बारीक खाच दिसते. ती त्याची सही असं संग्राहक मानतात. १८१७ पर्यंतचं एखादं नाणं हाती आलं की ती शोधा.

९. ठशांच्या प्रकारांत केव्हा शिरायचं

तेव्हा प्रत्येक ठसा हाताने पूर्ण होई. तारे, अक्षरं, आकडे एकेक करून ठोकले जात, त्यामुळे एकाच सालाचे दहा-वीस ठसे ओळखता येतात. अर्ध्या डॉलरच्या प्रकारांना ओव्हर्टन क्रमांक म्हणतात, ‘ओ-१०१’ असा. जुन्या सालावर नवा आकडा ठोकलेली नाणी मला विशेष आवडतात: १८१२ च्या २ खाली १८११ चा १, १८१५ च्या ५ खाली २. हा १८१५ चा नग मात्र महाग, पाडलेच ४७,१५० आणि तेवढी एकच जात. १८०७ च्या काही नाण्यांवर ५० च्या खाली चुकून ठोकलेला २० दिसतो.

तारेही मोजा. १७९६ मध्ये टेनेसी सोळावं राज्य झालं, तेव्हा काही नाण्यांवर पंधरा तारे आहेत, काहींवर सोळा. राज्यं वाढतच जाणार हे लक्षात आल्यावर टांकसाळ तेरावर परतली.

सावधगिरी एकच. दुर्मीळ ठसा म्हणजे महाग नाणं असं नाही. एखाद्या प्रकाराची तीसच नाणी माहीत असतील, पण तो शोधणारे वीसच असतील, तर भाव साधाच राहतो. ‘आर-५’ (ठशाच्या दुर्मीळतेचा दर्जा) म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला मागच्या विक्रीचे आकडे विचारा.

१०. घरी आल्यावर

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा. त्यातल्या पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र, साधा पुठ्ठा, सगळ्यांत गंधक असतं आणि चांदी काळी पडते. सिलिका जेलची पुडी ठेवा, वर्षातून एकदा बदला.

घराच्या साध्या विम्यात नाण्यांसाठी मर्यादा फार तोकडी असते, कित्येकदा २०० डॉलर. वेगळी पॉलिसी घ्या. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना ठेवींसारखं सरकारी संरक्षण नाही, हेही माहीत असू द्या.

भारतात घरच्यांना दाखवायला नाणी नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. नाणं अमेरिकेचं आणि तुमचं आहे, हे परतीच्या विमानतळावर मध्यरात्री सिद्ध करत बसावं लागेल. मी आईला फोटो मोठे छापून नेले.

विकताना अमेरिकेत एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्रहवस्तूंच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. म्हणून प्रत्येक नाण्याचे हे कागद पहिल्या दिवसापासून जपा:

- तारीख, वर्णन आणि किंमत असलेलं बिल
- स्लॅबचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो, स्लॅब नसेल तर कडेचाही
- लिलावाचा लॉट क्रमांक
- नाण्यासोबत आलेली जुनी पाकिटं, चिठ्ठ्या

शेवटचं विशेषतः. पिवळ्या पडलेल्या चौकोनी पाकिटावर पेन्सिलने लिहिलेलं कुणाचं तरी नाव आणि ‘१९४३, ३ डॉलर’ एवढीच नोंद असेल, तरी ते पाकीट फेकू नका. नाणं त्या काळापासून कोणी धुतलं नसावं, याचा तो दुवा असतो.

आणि एक वही करा. प्रत्येक नाण्याला एक पान: वजन, ओव्हर्टन क्रमांक, कुठून घेतलं, किती दिले, आज अंदाजे किती येतील, आणि विकायचं झालं तर कोणाला फोन करायचा. ही वही घरातल्या ज्या माणसाला नाण्यांतलं काही कळत नाही, त्याला समजेल अशा भाषेत लिहा. माझी मराठीत आहे, मुलीसाठी समोरच्या पानावर इंग्रजीत. पहिल्या पानावर १८२७ चा तो अर्धा डॉलर: १३.३१ ग्रॅम, धुतलेला, दिले १९०, येतील ९०.